दचकणे म्हणजे भिणे नव्हे

गेल्या महिन्यात येथील मराठी मंडळींच्या मासिक बैठकीत, अल्पोपाहार आटोपल्यावर, एक नवा भयपट दाखवण्यात आला. चित्रपटाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. एक तर त्याच्यासारखे डझनावारी निघतात. आणि दुसरे असे की, ज्या गृहस्थांनी तो आणला त्यांचा हेतू अगदी निर्मळ होता. दोन तास पडद्यावर दारे आपटली, आरसे तडकले, पलंगाखालून हात आले, आणि प्रत्येक वेळी ध्वनिक्षेपकातून अशी आरोळी उठली की बाहेर रस्त्यावरची कुत्री भुंकू लागली. चित्रपट संपला, दिवे लागले, चहा फिरला, आणि नुकताच इकडे बदलून आलेला एक तरुण अभियंता मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मी मोजत होतो. सतरा वेळा दचकलो. याला म्हणतात भयपट!" कोणीही त्याला विरोध केला नाही. उलट दोघातिघांनी आपापले आकडे सांगितले. एका भगिनींनी तर एकविसापर्यंत मजल मारली. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. गप्प बसल्याचे घरी पोहोचेपर्यंत वाईट वाटत राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाद केवळ आवडीनिवडीचा असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. ज्याला जे रुचते ते त्याने खुशाल पाहावे. परंतु येथे एका शब्दाची राजरोस अदलाबदल चालली आहे, आणि ती मुकाट्याने सोसणे आम्हाला जमत नाही. सतरा वेळा दचकलेला मनुष्य एकदाही भ्यालेला नसणे शक्य आहे, आणि आमच्या मते तो अभियंता एकदाही भ्याला नव्हता. पुरावा साधा आहे. त्याने चहा दोनदा घेतला, वांग्याच्या भज्यांची चौकशी केली, आणि घरी जाऊन तो स्वस्थ झोपला असणार. मोठा आवाज एकाएकी कानावर आदळला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. विचाराला जाग येण्याच्या आतच हे सारे घडून जाते. तान्हे मूलही थाळी पडली की दचकते. परंतु तान्हे मूल भुताला भीत नाही. भिण्यासाठी आधी काही आठवावे लागते, आणि त्याला अजून आठवायचे असे काही साठलेले नसते.

दचकवण्याचा धंदा किती सोपा आहे पाहा. दोन मिनिटे शांतता ठेवावी, नायिकेला पाठमोरी करावी, पडद्याची एक बाजू मोकळी सोडावी आणि मग त्या मोकळ्या बाजूने काहीतरी गोंगाटासह आत ढकलावे. ते मांजर असले तरी चालते. आता तर प्रेक्षकालाही ही युक्ती पाठ झाली आहे. शांतता पसरताच तो बोटे कानांत घालतो. म्हणजे भयपट पाहण्याचा मार्ग कान झाकून घेणे हा ठरला! ज्या कलेचा रसास्वाद घेण्यासाठी इंद्रिये बंद करावी लागतात ती कला कोणत्या प्रतीची, हे रसिकांनीच ठरवावे.

आमच्या या म्हणण्याला नवेपणाचा मान नको. भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, भयानक रसाची जी कारणे सांगितली आहेत त्यांत विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्हे, घुबडे, ओस घर, अरण्य असा सारा सरंजाम आहेच. आजच्या एखाद्या निर्मात्याने ती यादी वाचली तर आपल्याच कोठारातील सामानाची मोजदाद वाचल्याचा त्याला भास होईल. परंतु त्याच यादीत गुरूचा किंवा राजाचा अपराध हातून घडणे हेही एक कारण म्हणून नोंदवलेले आहे. पुढे तर भयानकाचे तीन प्रकारच केले आहेत: एक बतावणीचे भय, दुसरे अपराधातून उपजणारे आणि तिसरे एकाएकी त्रासून उठणारे. आमच्या बोलपटांनी पहिला आणि तिसरा तेवढा उचलला आणि मधला टाकून दिला. रक्त, किडे, आतडी यांची जी रेलचेल हल्ली असते तिचा तर या रसाशी संबंधच नाही. तिचे खाते बीभत्साचे, आणि तिचा स्थायीभाव जुगुप्सा. किळस आली म्हणून आपण भ्यालो असे समजणारा प्रेक्षक हा सांडलेल्या ताकाला पूर आला समजणाऱ्यांपैकी आहे.

आमचे सारे भांडण या मधल्या प्रकारासाठी आहे. ज्याच्या हातून काही घडले आहे, किंवा घडायचे राहिले आहे, तोच भितो. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी आपल्याच नोकरीतील एखादा दिवस आठवावा. दुपारी साडेतीनला वरिष्ठांच्या दालनातून नुसते "साहेबांनी बोलावले आहे" एवढे शब्द येतात. आरोळी नाही, आरसा तडकत नाही. परंतु त्या दालनापर्यंतच्या वीस पावलांत मागील पाच वर्षांचे दफ्तर डोळ्यांपुढून सरकते. आणि ज्याचे दफ्तर खरोखरच स्वच्छ आहे तो मात्र वाटेत थांबून पाणी पितो. चोराच्या मनात चांदणे, असे आपल्याकडे म्हणतात. भयपटाची सारी मीमांसा या तीन शब्दांत आली आहे. चांदणे कोणाला भयंकर वाटेल? ज्याला ते आपल्यावरच पडले आहे असे वाटते, त्याला.

आपल्या खेड्यांतील भुतांची यादी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. पुरून ठेवलेल्या धनात जीव अडकून गेलेला समंध होतो, पाण्यात बुडून गेलेला गिऱ्हा होऊन डोहाशी बसतो. ही थकबाकीची वही आहे. कोणाचे काय देणे राहिले याची नोंद ज्या समाजाला कागदावर करता आली नाही, किंवा करायची नव्हती, त्याने ती पिंपळावर आणि विहिरीवर करून ठेवली. सुईण वेळेवर का बोलावली नाही, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. मग तो विचारायला हडळ आली. आम्ही भुतांवर विश्वास ठेवीत नाही, हे येथेच सांगून टाकतो. परंतु थकबाकीवर आमचा पूर्ण विश्वास आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे: पडद्यावरील भूत तेव्हाच भिववते, जेव्हा त्याला काही मागायचे असते आणि ते मागणे रास्त आहे हे पाहणाऱ्याला मनोमन कळलेले असते. ज्या भुताचे कोणाकडे काही येणे नाही, ते केवळ सोंग. सोंगाला टाळ्या मिळतात. झोप उडत नाही.

गंमत अशी की, ज्या दचक्यावर आम्ही एवढे तोंडसुख घेत आहोत, त्याचा पडद्यावरील मान्यवर पूर्वज एका संयमी चित्रपटातच सापडतो. १९४२ साली अमेरिकेत व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने आणि जाक तुर्नर या दिग्दर्शकाने 'कॅट पीपल' हा चित्रपट थोडक्या पैशांत काढला. त्यात एक तरुणी रात्री बागेच्या कडेने एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो. मग ती मागची पावले थांबतात, आणि ही थांबलेली पावलेच तिला अधिक भिववतात. ती झपाझप चालू लागते. आणि एकाएकी हिंस्र श्वापदाने फुत्कार टाकावा तसा आवाज होऊन पडद्याच्या कडेने एक बस येऊन उभी राहते. नुसती बस! चित्रपटाच्या धंद्यात या युक्तीला पुढे 'बस' असेच नाव पडले. गेल्या ऐंशी वर्षांत तिच्या इतक्या नकला झाल्या की मूळ कशामुळे साधले होते हेच लोक विसरले. ती तरुणी दुसरीच्या नवऱ्याजवळ आपले प्रेम बोलून बसलेली होती, आणि मागून येणारी त्याची बायको होती. तिने उघड पाप केलेले नव्हते. परंतु मागून पावले आली तर ती कोणाची असतील हे तिला विचारावे लागले नाही. नकलाकारांनी बस तेवढी घेतली आणि बायकोला वाटेत उतरवून दिले.

येथे काही विद्वान मंडळी, आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत अशा समजुतीने, पुढे सरसावतील आणि म्हणतील, "अगदी बरोबर! भूत दाखवूच नये. न दाखवण्यातच भय आहे." त्यांची साथ आम्हाला नको. न दाखवणे हाही आता एक साचा झाला आहे. दोन तास अंधार दाखवून शेवटी हाती काहीच न देणारे चित्रपट आम्ही पाहिले आहेत आणि त्यांनी आम्हाला फक्त जांभया दिल्या. जॅक क्लेटन यांच्या १९६१ सालच्या 'द इनोसंट्स' या चित्रपटात मृत शिक्षिका भर दिवसा, तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यांत, काळ्या वेषात सरळ उभी असलेली दिसते. ना अंधार, ना आरोळी. ती काही करीत नाही. नुसती उभी असते. आणि तळ्याच्या अलीकडून तिला पाहणारी नवी शिक्षिका, म्हणजे डेबोरा कार यांनी उभी केलेली ती गोठलेली बाई, विसरता येत नाही.

का बरे? या प्रश्नाचे उत्तर आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना इतरांपेक्षा लवकर सापडावे. ही नवी बाई एका पदावर रुजू झाली आहे. जिच्या जागेवर ती आली, ती पूर्वाधिकारी बाई मरण पावली आहे. कशी, ते तिला कोणी धड सांगितलेले नाही. दफ्तराचा ताबा मिळाला, किल्ल्या मिळाल्या, दोन मुले मिळाली. हकीकत मिळाली नाही. आणि नेमणूक करणाऱ्या मालकाने पहिल्याच भेटीत बजावले आहे की, तिकडे जे काही होईल ते तुमचे तुम्ही निस्तरा, मला त्रास देऊ नका. असे मालक आमच्या वाचकांच्या ओळखीचे असतील! पुढे एका प्रसंगी ती मृत बाई अभ्यासिकेत मेजाशी बसून रडताना दिसते, आणि त्या मेजावर आता हिचा हक्क असतो. जी खुर्ची आपण सहज ओढून बसलो तिच्यावर कोणाचे तरी रडणे सांडलेले आहे, हे कळणे म्हणजे भय. ते दिव्याच्या उजेडातही तितकेच राहते.

आता आपल्या देशातील बोलपटांकडे वळू. येथे प्रथम एक कबुली देतो, जी काहींना रुचणार नाही. रामसे बंधूंना हसण्याची जी शिष्टसंमत चाल पडली आहे तिच्यात आम्ही सामील नाही. महाबळेश्वरच्या विश्रामगृहात मंडळी उतरवून, घरचीच माणसे कामाला लावून त्यांनी काढलेला १९७२ सालचा 'दो गज जमीन के नीचे' हा ओबडधोबड आहे, त्यातील मुखवटे हास्यास्पद आहेत. परंतु त्यातील प्रेत कोणाकडे चालले आहे आणि का, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. बायकोने दगा दिला, नवऱ्याला जमिनीत पुरले, तो हिशेब मागायला परत आला. हिशेब अडाणी असेल, पण हिशेब आहे. आजच्या गुळगुळीत चित्रपटांत मुखवट्यांची जागा संगणकाने घेतली, चित्रण देखणे झाले, आणि प्रेत कोणाच्याही घरी जाऊ लागले. पत्ता चुकलेल्या टपालाला कोण भिणार?

त्याही आधीचा, १९४९ सालचा, कमाल अमरोहींचा 'महल' सर्वांना आठवतो तो लता मंगेशकरांच्या 'आयेगा आनेवाला' या गाण्यामुळे, झोपाळ्यामुळे आणि मधुबालेमुळे. शेवटी कळते की भूत नव्हतेच. माळ्याची मुलगी होती. पुष्कळांची या खुलाशाने निराशा होते. आमची झाली नाही, कारण आम्ही ज्याला भ्यालो होतो ते तिकडे नव्हतेच. भय होते ते नायकाच्या बायकोच्या बाजूला. त्या छायेच्या नादी लागलेला नवरा लग्नाच्या बायकोला माणसांपासून दूर नेऊन ठेवतो आणि तिच्याकडे धड पाहतही नाही. अखेर ती विष घेते आणि त्याचा आळ त्याच्यावर ठेवून मरते. कायद्याच्या दृष्टीने तो आळ खोटा आहे. परंतु चित्रपटगृहात बसलेल्या एकाही पुरुषाला तो सर्वस्वी खोटा वाटत नाही, यातच त्या चित्रपटाची ताकद आहे. भुताचा खुलासा झाला. बायकोचा झाला नाही.

राम गोपाल वर्मा यांच्या २००३ सालच्या 'भूत'विषयी एवढेच सांगू की, त्यात गाणी नाहीत ही गोष्ट फार वाखाणली गेली, आणि खरी गोष्ट राहून गेली. मुंबईतील एका उंच इमारतीतील घर नवरा भाड्याने घेतो. आधीची भाडेकरीण सज्जातून पडून मेली हे त्याला ठाऊक असते, आणि ते तो बायकोपासून लपवतो. जागा चांगली आहे, उगाच कशाला सांगा! हे लहानसे, व्यवहारी, घरगुती लपवणे कोणत्या संसारात घडत नाही? पुढे बायको रात्री उठून दिवाणखान्यात बसू लागते तेव्हा तिच्याकडे पाहताना त्याच्या तोंडावर जे दिसते ते केवळ आश्चर्य नव्हे.

'तुंबाड'विषयी मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक लाभला, आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा तो गर्दीने पाहिला गेला. भाषा हिंदी, पण माती कोकणातील, पाऊस कोकणातील, आणि त्यातील आजीचा धागा नारायण धारप यांच्या कथेतला. धारपांची पुस्तके एके काळी वाचनालयात रांग लावून मिळवावी लागत. त्यांच्यावर 'केवळ करमणूक' असा शिक्का मारणारे समीक्षक आज कोठे आहेत, कोण जाणे. चित्रपटातील साखळदंडांनी बांधलेली म्हातारी भयंकर आहे, गर्भगृहातील हस्तर भयंकर आहे, हे सारे मान्य. तरी आम्हाला घाम फुटला तो निराळ्याच जागी. विनायकराव पुण्याहून तुंबाडला जाऊन दर खेपेस थोड्याथोड्या मोहरा चोरून आणतो. त्याच वाटेवर तो आपल्या लहान मुलाला घेऊन जातो, त्याला सारी विद्या शिकवतो: दोर कसा धरावा, कणकेची बाहुली कशी टाकावी, रिंगणाच्या आत कसे राहावे. पुढे स्वातंत्र्य येते, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि तेव्हा हा मुलगाच बापाला सुचवतो की मोहरा एकेक कशाला, देवाची कंबरेची वस्त्रासकट सारी पुंजीच उचलू. बाप मुलाकडे पाहतो. आपण जे पेरले ते आपल्यापेक्षा उंच वाढून समोर उभे आहे, हे त्याला दिसते. त्या घडीला हस्तराची गरजच उरत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना आयुष्यभर केवळ 'पुढे कसे जावे' एवढेच शिकवले त्या सर्व बापांनी तो क्षण पाहावा. आम्हीही त्यांत आहोत.

आणि त्याच कोकणातील मुंजाला पडद्यावर आणणारा २०२४ सालचा 'मुंज्या' पाहा. धंदा उत्तम झाला, मुले खूष झाली, आम्हीही दोनदा हसलो. परंतु पिंपळावरचा तो पोरका मुलगा, ज्याला कोणी विचारले नाही, तो त्या संगणकी माकडचेष्टांत हरवला. मुंजाचे हसे करता येते याचा अर्थ त्याचे आपण काही देणे लागतो हे आपण विसरलो.

आमच्यावर एक आक्षेप हमखास येईल. "सर्व भयपट असे हिशेबी नसतात. निरपराध माणसांना मारणारी भुते पडद्यावर नाहीत काय? १९९८ सालचा जपानी 'रिंगू' घ्या." घेतो. हिदेओ नाकाता यांच्या या चित्रपटात एक चित्रफीत जो पाहील तो सात दिवसांनी मरतो. पत्रकार असलेली नायिका विहिरीत टाकलेल्या मुलीची हाडे शोधून वर काढते. आपल्याला वाटते, देणे फिटले, चित्रपट संपला. आणि दुसऱ्या दिवशी तिचा पूर्वीचा नवरा मरतो. भूत शांत झालेलेच नाही! मग ती का वाचली? कारण तिने त्या चित्रफितीची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली होती. सुटण्याचा मार्ग तेवढाच: प्रकरण पुढच्या मेजावर ढकलणे. शेवटी आपल्या मुलाला वाचवण्यासाठी ती चित्रफीत घेऊन आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या घराकडे मोटार हाकीत निघते. आक्षेपकांनी हा शेवट पाहिला नसावा. येथे अपराध मागे नाही, पुढे आहे; तो आता, प्रेक्षकाच्या संमतीने, घडणार आहे. कारण त्या आईच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा. विज्ञानाच्या युगात असल्या भाकडकथा कशाला, असा प्रश्न ते विचारतात. त्यांना आम्ही एका सरकारी निवासस्थानाची गोष्ट सांगतो. सनदी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर अहमदाबादेस न्यायाधीश असताना शाहीबागेतील जुन्या मोगली महालात राहत. १८७८ साली त्यांचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ काही महिने तेथे येऊन राहिला. थोरले बंधू कचेरीत गेले की त्या अवाढव्य वास्तूत हा मुलगा एकटाच हिंडे. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ. आणि त्या रिकाम्या दालनांतून पुढे 'क्षुधित पाषाण' ही कथा जन्मली. कथेचा नायक कोण, तर निजामाच्या राज्यात कापसावरील जकात वसूल करणारा, परगावी नेमणुकीवर आलेला अधिकारी. कचेरीतील म्हातारा कारकून त्याला त्या महालात राहू नका म्हणून विनवतो. हा हसतो, सुशिक्षित आहे ना! दिवसा तो सरकारी हिशेब लिहितो, आणि रात्री त्या महालातील दगड आपले हिशेब काढतात. विकत आणलेल्या, पळवून आणलेल्या बायकांचे तेथे जे झाले, त्यांतील एक त्याच्याजवळ सुटका मागते. आणि ज्याच्या सहीने अख्ख्या तालुक्याची जकात जमा होते त्या माणसाला एका बाईची सुटका करता येत नाही. तपन सिंहांनी १९६० साली या कथेवर बंगाली चित्रपट काढला. गुलजारांचा, लता मंगेशकरांनी निर्मिलेला आणि हृदयनाथांच्या संगीताने नटलेला १९९१ सालचा 'लेकिन' हाही त्याच कथेची छाया घेऊन आला. त्यातही नायक सरकारी कामावर जुन्या महालातील वस्तूंची नोंद करायला गेलेला अधिकारीच. विज्ञानाने या दोघांपैकी कोणाचीही अडचण सुटली नसती. अडचण भूत आहे की नाही ही नव्हतीच. मागणे कानावर आले आणि पुरे करता आले नाही, ही होती.

हे सारे त्या बैठकीत बोलणे शक्य नव्हते. परंतु पुढच्या शनिवारी आम्ही त्या तरुण अभियंत्याला आणि आणखी चौघांना घरी जेवायला बोलावले, आणि जेवण झाल्यावर रॉबर्ट वाइज यांचा १९६३ सालचा 'द हाँटिंग' लावला. वाइज हे त्या ल्यूटनच्याच हाताखाली तयार झालेले. चित्रपट कृष्णधवल. भूत म्हणून त्यात एकही आकृती दिसत नाही. फार तर एक बंद दार बाहेरून दाबल्यासारखे आत फुगते. आमचे पाहुणे पहिली वीस मिनिटे भ्रमणध्वनी चाळत होते.

नायिका एलिनॉर ही अकरा वर्षे आजारी आईची शुश्रूषा करण्यात तारुण्य घालवलेली स्त्री आहे. आईला काही हवे असले की ती भिंतीवर ठोके मारी. एका रात्री ठोके आले. त्या रात्री ही उठली नाही. सकाळी आई गेलेली होती. ऐकूनही ती पडून राहिली की तिला जागच आली नाही, हे तिचे तिलाही नक्की सांगता येत नाही. आता ती एका जुन्या वास्तूत पाहुणी म्हणून आली आहे, आणि पहिल्याच रात्री भिंतीवर ठोके पडू लागतात. झोपेतच ती आईला 'आले, आले' म्हणून उत्तर देते. मग जागी होते. ठोके चालूच असतात.

१९९९ साली याच कथेवर नवा चित्रपट निघाला. त्यात संगणकाच्या करामतीने पुतळे हालतात, पलंग अंगावर येतो, छत खाली उतरते, घराचा दुष्ट मालक सबंध पडदा व्यापून प्रकट होतो. आणि या सर्व दंगलीत तो भिंतीवरचा ठोका कोणाला ऐकू येईनासा होतो. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत. मग आमच्या या लेखाची गरज उरणार नाही.

घर सोडून हजार मैलांवर नोकरी करणाऱ्या माणसाला तो ठोका कोठे लागतो, हे आम्ही त्या रात्री पाहिले. आपणा सर्वांची कोणी ना कोणी मागे राहिलेली आहेत: साताऱ्यास, अमरावतीस, मालवणास. रजेचा अर्ज या वेळी जमला नाही, पुढच्या वेळी नक्की, असे आपण त्यांना सांगत आलो आहोत. आणि त्यांनीही कधी हट्ट धरलेला नाही. चित्रपट चालू असताना खोलीत कोणी दचकले नाही. हिशेब तपासणी खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही, जे प्रत्येक भयपटात मोठ्याने विनोद करतात, ते अर्ध्यावर चष्मा काढून पुशीत बसले आणि तो त्यांनी पुन्हा डोळ्यांना लावला नाही. मागे त्यांच्या आईच्या आजाराची तार आली तेव्हा खात्याची वार्षिक तपासणी चालू होती, एवढे आम्हाला ऐकून ठाऊक होते. आम्ही काही विचारले नाही.

दिवे लावले. अभियंत्याला आम्ही, थोड्या खोडसाळपणेच, विचारले, "किती वेळा?"

"एकदाही नाही," तो म्हणाला. मग त्याने घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा होऊन गेले होते. "जरा आलोच," असे म्हणून तो भ्रमणध्वनी घेऊन बाहेर गॅलरीत गेला आणि त्याने दार ओढून घेतले. पण दार नीट लागत नाही ते आमचे. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत असावी, कारण तो नुसताच उभा होता. नंतर त्याचा आवाज आला.

"काही नाही गं, आई. सहजच केला. झोपली होतीस का?"